एकाच डब्यातून आलेली खात्री

माझ्या बायकोला तिच्या कामाच्या ठिकाणी सगळे 'कमीजास्त' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला माहीत आहे. कोणी म्हणालं बस दहाला येते, की ही विचारणार, "कमीजास्त किती?" शेजारच्या घरात मुलगी झाली तेव्हा तो नवा बाप हरखून सांगत आला, वजन तीन किलो. हिनं त्यालाही हेच विचारलं. बिचारा दवाखान्यात परत जाऊन काटा बघून आला.

मी लग्नाचं विचारलं तेव्हा म्हटलं होतं, आयुष्यभर साथ देईन. तेव्हाही तोच प्रश्न आला. मी म्हटलं, "जास्तच." हे उत्तर तिला शास्त्रात बसणारं वाटलं नाही, पण लग्न केलं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. तिच्या कामातलं मला जे कळतं ते इतकी वर्षं जेवताना ऐकून ऐकून कळलेलं आहे, तेव्हा चुकलं-माकलं तर माझं. ती काम करते तिथे माळावर दोन नळ्या आहेत, एकमेकींशी काटकोनात, नजर पोचणार नाही इतक्या लांब. नळ्यांच्या टोकांना आरसे टांगलेले. आभाळात कुठेतरी फार लांब दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की म्हणे अवकाशच थरथरतं. ती थरथर गुरुत्वाची लाट होऊन इथवर येते आणि आरसे हलतात. हलतात म्हणजे किती, तर अणूच्या पोटातल्या कणापेक्षाही कमी. लग्नाआधी मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "मग हलले हे कळतं कसं?"

"यंत्र सांगतं."

"आणि यंत्र खरं बोलतंय हे कसं कळतं?"

ती इतकी खूश झाली की मला वाटलं, आता हिचे माझ्याशी लग्न करण्याचे इरादे पक्के झाले. कारण तिचं काम तेवढंच होतं. यंत्र म्हणतं आरसा इतका हलला, आणि ती सांगते त्या म्हणण्यावर किती भरवसा ठेवायचा. त्यासाठी ती आरशाला मुद्दाम ढकलते. हातानं नाही, प्रकाशानं. झोत आरशावर पडला की आरशाला अगदी नाजूक धक्का बसतो. झोत किती जोराचा हे माहीत असलं की आरसा किती सरकायला हवा हेही माहीत असतं. मग यंत्र काय म्हणतं ते पाहायचं, आणि दोन्हींतला फरक आलेखावर मांडायचा. तो फरक एका रेषेत कधीच येत नाही. त्याचा एक पट्टा तयार होतो, की बाबा खरं माप या पट्ट्यात कुठेतरी आहे.

तो पट्टा मग पुढच्या लोकांकडे जातो, जे तारे कुठे आदळले आणि किती लांब, हे शोधतात. यंत्र पट्ट्याच्या आत जितक्या तऱ्हांनी वाकडं असू शकेल तितक्या तऱ्हा गृहीत धरून ते पुन्हा पुन्हा गणित करतात. म्हणून त्यांचं उत्तर ठिपका नसतो, आभाळावर पडलेला डाग असतो. पट्टा अरुंद तर डाग लहान. पट्टा रुंद तर डाग पसरतो, आणि दुर्बिणी लावून बसलेली माणसं कुठे बघायचं म्हणून वैतागतात.

तिचे वडील शिंपी. कपडा शिवताना आतल्या बाजूला थोडं कापड जास्त ठेवतात, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. तिला विचारलं की तुझं काम काय, तर ती म्हणते, बाबांचंच, फक्त कापड नाही. बाबा गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेऊन झाल्यावर त्याला मुद्दाम हसवत आणि परत माप घेत. म्हणत, फोटोपुरता उभा राहिलेला माणूस खोटं माप देतो.

हे सगळं मी कौतुकानं सांगतोय, पण त्या जागेत राहणं म्हणजे काय हे राहणाऱ्यालाच ठाऊक. निरीक्षणाची फेरी चालू असली की जमीन हलता कामा नये. गाड्या फाटकाबाहेर ठेवायच्या. गवत कापायचं यंत्र बंद, म्हणून गवत कमरेला लागतं. फाटकापासून घरापर्यंत किराणा हातानं वाहायचा. आमच्या घराला दोन खोल्या आणि दोन खिडक्या, दोन्हींतून गवत दिसतं. मी निदान रोज शाळेला जातो. ती घरातून प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतून घरात, मधे पायवाट. शिस्त इतकी अंगात भिनलेली की घरातसुद्धा ती दार आपटत नाही, कपाट हळू लावते. मला जोरात शिंक आली तर चोरट्यासारखं वाटायचं.

यंत्र जोखणारी माणसं आधी दोन होती. दुसरा एका कंपनीत निघून गेला. त्याच्या जागी आलेला नवा माणूस हुशार, पण अजून तयार व्हायचा होता. फेरी संपली की ती वडिलांकडे जाणार होती, चांगली दोन महिने. मग दुसऱ्या देशातलं असंच जोडीचं यंत्र उशिरा सुरू झालं म्हणून आपली फेरी वाढली. मग ते बंद पडलं म्हणून वाढली. मग तिसऱ्यांदा का वाढली ते मी विचारलंच नाही. प्रत्येक वेळी कपाटावरची बॅग खाली यायची, आठवडाभर कोपऱ्यात बसायची आणि वर जायची. "तुरुंगात निदान तारीख तरी सांगतात," ती एकदा म्हणाली. हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

वडिलांची खबर दर रविवारी फोनवर. तिथेही तिची पद्धत. बाबांशी बोलायची, त्यांच्या गप्पांवर हसायची, पण त्यांच्या तब्येतीबद्दलचा त्यांचाच शब्द धरायची नाही. "यंत्र स्वतःबद्दल काय बोलतं त्याला काय अर्थ?" बाबा तर कायमच मजेत असतात. म्हणून मग दादाला फोन. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, बाबांसोबतच राहतो. त्यानंतर आत्याला, बाबांच्या बहिणीला, जी दोन गल्ल्या पलीकडे राहते. दादाचं आणि आत्याचं जुळलं की हिचा जीव भांड्यात पडायचा. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच माप आलं की माप खरं, असं तिचं म्हणणं. आणि ते दर रविवारी जुळायचं.

मग ती लाट आली. एवढी मोठी की नियंत्रण कक्षात माणसं खुर्च्यांवरून उठली. दोन तारे आदळले होते, तेही आमच्या मानानं जवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी कँटीनमध्ये जो तो एकमेकांना टाळ्या देत होता, आणि माझी बायको एका कोपऱ्यात चहा गार करत बसली होती. कारण आता सगळे तिच्याकडे बघणार होते. लाट इतकी स्पष्ट होती की पुढच्या गणितात अडसर उरला होता तो फक्त तिच्या पट्ट्याचा.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी तिला बोलावलं. मी या गृहस्थांना मनातून नावं ठेवतो, पण वाईट माणूस म्हणता येणार नाही. त्यांच्या टेबलावर तिचे दोन आलेख होते. एक प्रकाशाच्या धक्क्याचा. दुसरा जुन्या पद्धतीचा, ज्यात धक्का मोजायचाच नसतो. लेझरच्या लहरीची लांबी हीच फूटपट्टी धरून आरसा किती सरकला ते काढायचं. दोन पद्धती, एकमेकींशी काही देणंघेणं नाही, आणि आलेख एकमेकांवर तंतोतंत बसत होते. मधे एका ठिकाणी छोटासा उंचवटा होता, तोसुद्धा दोघांत.

"उंचवटासुद्धा जुळतोय," प्रमुख म्हणाले. "यापेक्षा आणखी काय हवं? पट्टा अर्ध्यावर आणा, सही करा, आणि तुम्ही मोकळ्या. नवा माणूस पुढचं बघेल. घरी जाऊन या आता."

तिलाही ते पटलं होतं. उंचवटा दोन्हींत आहे म्हणजे आरसाच त्या ठिकाणी तसा वागतो, असं तिनं स्वतःच लिहून ठेवलं होतं. सोमवारी सही करायची ठरली. बॅग खाली आली, आणि या वेळी तिच्यात कपडेही गेले. बाबांसाठी तिनं एक कात्री घेऊन ठेवली होती, जड, चांगल्या पोलादाची, ती टॉवेलात गुंडाळून मधोमध ठेवली.

रविवारी सकाळी मी पेपर आणायला फाटकापर्यंत गेलो आणि हात हलवत परत आलो. छापखान्यातल्या कामगारांचा संप होता, आदल्या दिवसापासून पेपर निघालाच नव्हता. बाबा वाचतात तोच पेपर आमच्याकडे येतो. मी आपला चरफडत बसलो, कारण रविवारचं शब्दकोडं हे माझ्या आयुष्यातलं एकमेव व्यसन आहे. ती फोनवर होती, स्पीकर लावून, हातानं बॅगेतलं सामान सारखं करत.

"बाबा एकदम ठणठणीत," दादा सांगत होता. "आत्ताच पेपर वाचून झाला. अग्रलेख लिहिणाऱ्याला शिव्या घालत होते."

मग आत्या. "अगं, मजेत आहे तो. सकाळी पेपर वाचला, अग्रलेखवाल्याला शिव्या घातल्या. तू काळजी करू नकोस."

मी हसलो. म्हटलं, "पेपर तर निघालाच नाही. तुझे बाबा अग्रलेख मनातल्या मनात छापतात की काय?"

तिनं फोन ठेवला. टॉवेलाची घडी हातात तशीच.

"दोघांचं चुकलं," ती म्हणाली. "आणि दोघांचं एकच चुकलं."

"आत्याला दादानं सांगितलं असेल. लाव त्याला फोन, विचार."

पण ती चपला घालत होती. "उंचवटा," असं काहीतरी म्हणाली आणि गेली. बॅग उघडीच.

दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन प्रयोगशाळेत गेलो. यंत्रांच्या त्या खोलीत पंख्यांचा आवाज इतका की बोलायचं तर कानाशी जावं लागतं. ती एका उंच मांडणीसमोर उभी होती आणि दोन वायरींवर बोट ठेवत खाली खाली येत होती. एक निळी, एक पिवळी. दोन्ही वेगवेगळ्या टोकांकडून येत होत्या, आणि दोन्ही शेवटी एका करड्या डब्यात शिरत होत्या. आमच्या डब्याहून थोडा मोठा. विजेच्या संकेतांचे आकडे करायचं काम त्याचं.

"दोन्ही पद्धती इथे येऊन एक होतात," ती माझ्या कानाशी म्हणाली. "वर काहीही वेगळं असो, आकडे या एकाच डब्यातून बाहेर पडतात. उंचवटा आरशाचा नाहीच. याचा आहे. मी दोन साक्षीदार धरले होते आणि दोघंही याचंच ऐकून बोलत होते."

तिचा आवाज जवळजवळ आनंदी होता. शोध लागला की तो तसा होतोच, तिचाही आणि कुणाचाही. मग ती स्टुलावर बसली आणि तो आनंद तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिला.

"अरे, मला आधी हा डबा आठवला," ती म्हणाली. "बाबा नाही. फोन ठेवल्यावर मला आधी हा डबा आठवला. कसली मुलगी आहे मी?"

मी जेवणाचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. तिनं झाकण लावून टाकलं आणि बाहेर येऊन व्हरांड्यातून आत्याला फोन केला.

"आत्या, तू बाबांना स्वतः कधी पाहिलंस?"

"माझे गुडघे कुठे जिना चढू देतात? तुझ्या दादाचा फोन येतो की दर रविवारी. तुझा यायच्या जरा आधी. सगळं सांगतो तो मला."

दादानं फोन उचलला नाही. बाबांनी उचलला, म्हणाले मी मजेत.

सोमवारी सहीच्या ऐवजी तिनं प्रमुखांना डबा दाखवला. त्यांनी डोकं धरलं. ती संध्याकाळी मला सगळं सांगत होती, आणि मी मनातल्या मनात प्रत्येक दार ढकलून बघत होतो. एक दार असं, की पट्टा आहे तसा अरुंद ठेवायचा. प्रमुख म्हणाले, उंचवटा तसा लहान आहे, कोणी विचारणार नाही, तुम्ही घरी जा. हे ते तिच्या भल्यासाठीच म्हणाले. पण मग आभाळावरचा डाग छान लहान निघाला असता, आणि तारे त्याच्या बाहेर असते तरी कोणाला कळलं नसतं. दुसरं दार, पट्टा अंदाजानं रुंद करून द्यायचा. तसं केलं तर डाग इतका पसरत होता की त्या लाटेचा कोणाला काही उपयोग उरत नव्हता. तिसरं, डबा नीट मोजायचा. प्रत्येक सुरावर, म्हणजे थरथरीच्या प्रत्येक वेगावर, यंत्र त्या दिवशी होतं तशाच अवस्थेत ठेवून. ते काम पाच आठवड्यांचं, आणि पुढे लगेच यंत्र दुरुस्तीसाठी उघडलं जाणार होतं. एकदा उघडलं की ती अवस्था गेली, पुन्हा कधीच मोजता येणार नाही. नवा माणूस एकट्यानं ते करू शकत नव्हता, हे त्यानं स्वतःच कबूल केलं.

"तू काय म्हणालीस?"

"मोजते म्हणाले." ती बॅगेतली कात्री काढत होती. "दुसरं काय म्हणणार? मीच शोधला ना तो डबा. गप्प बसले असते तर आत्ता गाडीत असते."

मला संताप आला. प्रमुखांचा, डब्याचा, दादाचा, तिच्या त्या खरेपणाचाही. मी म्हटलं, जगात कोणीतरी दुसरा पट्टा काढेल, बाप दुसरा मिळणार नाही. मग तिनं कात्री परत टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"तू जा. दादाला विचारू नकोस, आत्याला विचारू नकोस. बाबांनाही नाही. तू स्वतः बघ आणि मला सांग."

चित्रकलेच्या मास्तराला रजा लगेच मिळते. त्याचा तास घ्यायला गणिताचे मास्तर टपलेलेच असतात.

बाबांचं घर म्हणजे खाली दुकान आणि वर दोन खोल्या. दुकानातल्या मशीनवर चादर घातलेली होती, चादरीवर धूळ. मी वर गेलो. बाबा खिडकीशी बसले होते, मांडीवर पेपर.

"जावईबापू," ते म्हणाले, मी तोंड उघडायच्या आधीच. जिन्यावरच्या माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं. माझ्याकडे पाहिलं ते मात्र माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे. मी जवळ गेलो. मांडीवरचा पेपर पिवळा पडलेला जुना होता, आणि त्यात मधोमध एक मोठं भोक. अंगरख्याच्या बाहीचा नमुना कापलेला. शिंपी नमुने पेपरवरच कापतात. त्या भोकातून त्यांचा गुडघा दिसत होता.

मी कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली, मिटली, आवाज ऐकला. "चांगली आहे," म्हणाले. मग हलक्या आवाजात, "तिला सांगू नकोस हं. तिथे सगळं तिच्यावर आहे. तू आपला सांग, बाबा पेपर वाचत होते. खोटं नाही ते, पेपर आहे की माझ्या हातात."

दादा दारात उभा होता. रागवायचं ठरवून आलो होतो, पण त्याचा चेहरा बघून ते जमेना. "मला शपथ घातलीय त्यांनी," तो म्हणाला. "दर रविवारी फोनआधी जुळवाजुळव करत बसतो. आज काय सांगू, मागच्या रविवारी काय सांगितलं होतं. संप आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी तरी पेपर कुठे उघडतो आता? त्यांच्यासमोर पानं वाजवली की ते विचारतात काय लिहिलंय, आणि मग ऐकताना त्यांचा चेहरा बघवत नाही."

डॉक्टरांकडे मी एकटा गेलो. डोळ्यातला दाब वाढत गेला होता आणि दाखवायला फार उशीर झाला होता. गेलेलं परत येणार नाही. आता समोरचा उजेड कळतो, उजेडात उभं असलेलं काही अंधुक कळतं, आणि तेही महिनाभरात जाईल. मी विचारलं, "कमीजास्त किती?" डॉक्टरांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "आठ-दहा दिवस इकडेतिकडे."

मी रस्त्यावर उभं राहून तिला फोन केला. फोन लागेपर्यंत खरंच वाटत होतं की सांगावं, बाबा मजेत आहेत. तिसरा माणूस तरी कशाला वेगळं बोलेल? पण तिनं मला ज्या कामाला पाठवलं होतं ते तेवढंच होतं.

"त्यांना दिसत नाही," मी म्हटलं. "खिडकी दिसते. माणूस नाही."

पलीकडे पंखे घरघरत होते.

"तू स्वतः पाहिलंस?"

"स्वतः."

मग मी महिनाभर म्हटलं, आठ-दहा दिवस म्हटलं. तिनं मनात गणित केलं असणार, मीही केलं होतं. तिचे पाच आठवडे त्या पट्ट्याच्या आतच पडत होते. कदाचित ती वेळेवर पोचेल, कदाचित नाही. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, देव बघेल. ती म्हणाली, "बरं," आणि मग, "मी इथून सुटू शकत नाही रे." तिला मी इतक्या वर्षांत रडताना फार ऐकलेलं नाही. त्या दिवशी ऐकलं.

मी परत आलो आणि ते पाच आठवडे तिच्यासोबतच काढले, आणि ते मला आठवायलाही नको वाटतात. ती सकाळी जायची, डब्याला एक एक सूर ऐकवायची, तो काय बोलतो ते टिपायची. तो डबा उचलून गवतात फेकावा असं मला रोज वाटायचं. तिला विचारलं तर म्हणाली, तिलाही वाटतं, पण मोजून झाल्यावर. घरी ती खिडकीशी उभी राहायची. एकदा डोळे मिटून उभी होती. मी विचारलं काय करतेस, म्हणाली, "उजेड किती कळतो बघतेय." मी तिला तिथून ओढून आणलं. रविवारी ती बाबांना फोन करायची. बाबा म्हणायचे मी मजेत, पेपर वाचतोय. ती म्हणायची, वाचा. आपल्याला कळलंय हे तिनं त्यांना कळू दिलं नाही. तेवढी माया ठेवावी लागते, म्हणाली.

मोजणी संपली. उंचवटा डब्याचाच निघाला. तो वजा करून तिनं पट्टा दिला, आधीच्यापेक्षा थोडा रुंद, पण खरा. आभाळावरचा डाग जरासा सरकला. दुर्बिणवाल्यांना म्हणे तारे त्या सरकलेल्या कडेला सापडले, अरुंद पट्ट्यात ते बाहेरच राहिले असते. प्रमुखांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ती तेव्हा फाटकाकडे चालत होती, बॅग माझ्या डोक्यावर.

आम्ही पोचलो ते भर दुपारी. गाडीतून उतरलो तर दादा दुकानाच्या दारात. तिला पाहून त्याला एवढं भरून आलं की तो जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "बाबा, आली हो ही! निळं स्वेटर घालून आलीय, तुम्हाला आवडतं ते!" हे आम्ही दोघांनीही ऐकलं.

वर बाबा खिडकीशीच होते. ती समोर गेली. बोलली नाही, चपला काढल्या आणि अनवाणी, अगदी हळू, त्या माळावरच्या सवयीनं, खिडकीच्या उजेडात जाऊन उभी राहिली.

बाबांनी मान वर केली. बराच वेळ ते तिच्याकडे, किंवा खिडकीकडे, बघत राहिले.

"निळं स्वेटर घातलंयस," ते म्हणाले. "दिसतेयस गं मला. चांगली दिसतेयस."

मी तिच्याकडे पाहिलं. हा शब्द कुठून आला हे तिच्याइतकं चांगलं कोणाला कळलं असतं? मागे सरकून एखादं बोट वर धरलं असतं, किती म्हणून विचारलं असतं, तर मोजणी तिथल्या तिथे झाली असती.

"हो बाबा," ती म्हणाली, "निळंच आहे." आणि त्यांच्या पायाशी बसली.